डेबूजीचं गोड जेवण : सगळ्यांना आवडतं त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं?



आजचा विषय गटाच्या बैठकीतून आला आहे. गावात एखादी गोष्ट लहानथोर सगळ्यांना आवडते. तेरवीची मोठी पंगत असो, लग्नातला डीजे असो, नवसाचा बोकड असो, नाहीतर चांगली म्हणून नावाजलेली एखादी सरकारी मोहीम असो. तिच्यात काय खोट आहे ते आपल्याला दिसतं, कारण घरातला पैसा कुठून आला आणि कुठं गेला हे आपणच पाहतो. पण तोंड उघडलं की 'ही मोठी शहाणी आली' असं होतं. गप्प बसलं की कर्जाचा हप्ता आपल्याच नावावर येतो. मग बोलायचं कसं, लिहायचं कसं? गटाच्या वहीत ठराव लिहायचा, ग्रामसभेला अर्ज द्यायचा, तर शब्द कोणते घालायचे?

यासाठी मी तुम्हाला लांब नेत नाही. आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला नेते.

दापुरा हे गाडगेबाबांचं मामाचं गाव. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी, आई सखूबाई, घर परिटाचं. पाळण्यातलं नाव डेबूजी. झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं आणि त्यातच १८८४ मध्ये ते गेले. पोर आठ वर्षांचं. सखूबाई त्याला घेऊन भावाकडे, चंद्रभानजींकडे, दापुऱ्याला आल्या. पुढं जगभर नाव झालेल्या माणसाचं लहानपण असं गुरं राखण्यात, मामाच्या शेतात राबण्यात गेलं. शाळा नाहीच.

दारूनं त्यांच्या घरात काय केलं ते सांगायला त्यांना कुणाच्या पोथीची गरज नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढं जे घडलं त्याचं मूळ इथं आहे. ज्या गोष्टीबद्दल ते बोलले ती त्यांनी आईच्या संसारात पाहिली होती.

आता त्या काळचं वऱ्हाड कसं होतं ते थोडं बघू. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, तेही कर्जापोटी. फौजेच्या खर्चाची बाकी थकली होती. म्हणजे आपला मुलूखच मुळात उधारीत हातचा गेलेला. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसातलं युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. आगगाडी आली, १८६७ पर्यंत ती नागपूरला पोचली, मूर्तिजापूर त्याच वाटेवर. पुढं यवतमाळ आणि अचलपूरकडं जाणारी छोटी गाडी निघाली, जिला आपण शकुंतला म्हणतो. तीही कापसासाठीच. लोकांनी ज्वारीची शेतं पऱ्हाटीखाली आणली. युद्ध संपलं, भाव पडले, सारा मात्र तसाच राहिला. जमीन आता गहाण टाकता येत होती, विकता येत होती, आणि सावकाराच्या कागदावर अंगठा लावला की कोर्ट त्या अंगठ्याला मान देत होतं. सवाईनं नाहीतर दिढीनं धान्य घ्यायचं, हंगामात फेडायचं, परत घ्यायचं. १८९९ ते १९०० चा मोठा दुष्काळ पडला, ज्याला जुनी माणसं छप्पन्नचा काळ म्हणायची, त्यानं उरलंसुरलंही नेलं.

चंद्रभानजींची जमीनही अशीच सावकाराच्या कर्जात गेली. डेबूजी तेव्हा अंगानं भरलेला, कष्टाळू तरुण होता. शेत हातचं गेलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. अंगठा लावताना कागदावर काय लिहिलंय हे मामाला वाचता येत नव्हतं, ही गोष्ट त्याच्या मनातून कधी गेली नाही. पुढं त्यांच्या कीर्तनात शिक्षण आणि कर्ज हे दोन विषय सतत हातात हात घालून येत, त्याचं कारण हे शेत.

अशा काळात जातीच्या पंगतीचा खर्च केवढा जड असेल, विचार करा. जन्म, बारसं, लग्न, मरण, काहीही असो, भाऊबंदांना जेवण द्यायचं. बऱ्याच जातींत त्या जेवणात मटण आणि दारू असायची. नाही दिली तर जातपंचायत बसायची, वाळीत टाकायची. म्हणून माणूस सावकाराकडं जाई. ही रीत कुणी दुष्टानं लादलेली होती असं नाही हं. लोकांना ती आवडायची. वर्षभर ज्वारीची भाकर आणि ठेचा खाणाऱ्या माणसाला महिना-दोन महिन्यातून एकदा पोटभर चांगलंचुंगलं मिळायचं, चार नातेवाईक भेटायचे, रुसवे निघायचे. पंगतीचा हा आनंद खरा होता. ज्याला त्यातली खोट सांगायची आहे त्याला हा आनंद आधी मान्य करावा लागतो. नाहीतर ऐकणारा म्हणतो, याला आमचं सुख बघवत नाही.

डेबूजीचं लग्न १८९२ मध्ये कुंताबाईंशी झालं. पहिली मुलगी झाली, आलोका. बारसं आलं. भाऊबंद जमले, सगळ्यांना ठाऊक होतं जेवण कशाचं असणार. डेबूजीनं गोडाचं जेवण वाढलं. मटण नाही, दारू नाही.

मला हा प्रसंग त्यांच्या पुढच्या सगळ्या कीर्तनांपेक्षा मोठा वाटतो. का ते सांगते. त्यानं पंगत रद्द केली नाही. 'मी जेवण देणार नाही, ही वाईट चाल आहे' असं भाषण केलं नाही. भाऊबंदांना बोलावलं, मानानं बसवलं, पोटभर वाढलं. फक्त ताटातला पदार्थ बदलला. लोक कुरकुरले, जातीची रीत मोडली म्हणून बोलणी झाली. पण कुणी उपाशी गेलं नाही, आणि कुणाचा अपमान झाला असं म्हणायला जागा उरली नाही. आणखी एक. हे त्यानं दुसऱ्याच्या नाही, स्वतःच्या घरच्या कार्यात केलं. दुसऱ्याच्या मुलीच्या बारशात जाऊन 'दारू वाढू नका' म्हणणं सोपं असतं. त्याचा खर्च आपल्याला येत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजीनं घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि खराटा, डोक्यावर किंवा हातात फुटक्या मडक्याचं गाडगं. त्यातच भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचं. लोकांनी नाव पाडलं गाडगेबाबा. पुढची पन्नासेक वर्षं हा माणूस चालत राहिला.

गावात आले की आधी काय करायचे, तर झाडू मारायचे. कुणाला सांगत नसत. रस्ता, नाली, देवळापुढचं अंगण. दिवसभर हे पाहिल्यावर संध्याकाळी गाव आपोआप कीर्तनाला जमायचं. सकाळी गावची नाली ज्यानं काढली त्याला 'तू कोण आम्हाला शिकवणारा' असं कोण विचारेल? आणि मोबदला काय घ्यायचे, तर भाकरीचा तुकडा आणि चटणी. पाया पडू देत नसत. मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, हे ठासून सांगत. त्यामुळं याला यातून काय मिळणार आहे, हा गावातला नेहमीचा संशयच निघून जायचा. गटाच्या अध्यक्षीणबाईंनी एखादी सूचना मांडली की सगळ्यांत आधी हाच संशय उठतो, हे आपल्याला माहीत आहे.

कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरं. आपल्या वऱ्हाडी बोलीत, शेतावर बोलतो तसं. पहिला प्रश्न असा की लहान पोरगंही उत्तर देईल. लोक 'हो' म्हणायचे. दुसऱ्यालाही 'हो'. तिसऱ्याला 'हो' म्हणताना थोडं अडखळायचे, आणि चौथा आला की मांडवात हसू फुटायचं, कारण आपण कुठं येऊन पोचलो ते प्रत्येकाला कळलेलं असायचं. बोकडाच्या नवसाचंच बघा. आपल्याला जन्म कुणी दिला, देवानं. मग देव आपला बाप. बोकडाला कुणी जन्माला घातलं, देवानंच. मग बाप आपल्याच लेकराचं मटण मागेल का? या वाटेनं ते लोकांना न्यायचे. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नाव वर येते, तर लढाईत समुद्रात बुडालेली एवढी जहाजं का वर आणत नाही, असंही विचारायचे. लोक हसायचे. हसताना राग येत नाही. आणि उत्तर लोकांनी स्वतःच्या तोंडानं दिलेलं असल्यानं ते बाबांचं राहत नसे, ज्याचं त्याचं होत असे.

त्यांनी देव नाकारला का? नाही. कीर्तनात नामाचा गजर चालायचाच, हजारो माणसं त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवायची. पंढरीची वारी बंद करा असंही ते म्हणाले नाहीत. तिथं जाणाऱ्या गरिबाला पाठ टेकायला जागा नाही हे पाहिलं आणि धर्मशाळा बांधल्या. अस्पृश्य म्हणून ज्यांना कुठंच थारा नव्हता त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढं ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मूर्तिजापुरातही १९२५ च्या सुमारास त्यांनी गोरक्षणाचं काम उभं केलं, धर्मशाळा बांधली. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथं नदीच्या चिखलात माणसं घसरायची. १९०८ मध्ये बाबांनी तिथं घाट बांधायला घेतला.

ऋणमोचन या नावाचा अर्थ बघा. ऋणातून सुटका. देवाच्या ऋणातून सुटायला लोक तिथं जायचे, आणि यात्रेच्या खर्चासाठी सावकाराचं ऋण करायचे. कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, हे सांगायला याहून चांगली जागा कोणती? पण बाबांनी आधी पायऱ्या बांधल्या. चिखल तुडवत पाण्याशी जाणाऱ्या म्हातारीला आधी पाय ठेवायला दगड हवा असतो, उपदेश नंतर.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, वा, सापडली युक्ती. गोड बोला, प्रश्न विचारा, हसवा. पण एवढ्यावर थांबले तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

गोड न बोललेली एक बाई आपल्याच वऱ्हाडात होऊन गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे, सरकारी कचेरीत कारकून, सत्यशोधक समाजाचे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपलं मूल मारल्याच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा सुनावली गेली, नंतर ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवरच चिखलफेक सुरू झाली. बायका अशाच, शिकल्या की बिघडतात, वगैरे. ताराबाईंनी लेखणी उचलली आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापलं. जे दोष तुम्ही बायकांच्या पदरात बांधता ते तुमच्यात नाहीत काय, हा त्यांचा सवाल. विधवेनं पुन्हा लग्न करू नये ही समजूत तेव्हा किती लोकप्रिय होती! तिच्यावर त्या सरळ तुटून पडल्या. साखर लावली नाही.

झालं काय? टीकेची झोड उठली. जोतिराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक छापलेलं नाही. ते पुस्तकही लोकांच्या नजरेआड गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं तेव्हा कुठं महाराष्ट्राला कळलं की असं काही लिहिलं गेलं होतं. नव्वद-त्र्याण्णव वर्षं.

म्हणून ताराबाई चुकल्या असं मी म्हणणार नाही. एका बाईला फासावर चढवायचं चाललं असताना गोडाचं जेवण कुठून वाढायचं? जिथं जीव जात असतो तिथं आवाज चढतोच, चढायलाच हवा. नवरा मारतो म्हणून रडत आलेल्या सुनेसाठी बोलताना कुणी मला 'जरा सांभाळून बोला' म्हटलं तर मी ऐकणार नाही. मात्र पंगत, डीजे, मानपान, भांडी-वाटप या गोष्टींत आपल्याला त्याच लोकांबरोबर उद्या आणि परवाही राहायचं असतं. तिथं बाबांची वाट कामाची.

आता एक नाजूक गोष्ट. बाबांवर श्रद्धा असलेल्या बहिणींनी रागावू नये, माझीही आहे. १९०५ मध्ये डेबूजीनं घर सोडलं तेव्हा घरात म्हातारी आई होती, कुंताबाई होत्या, लेकरं होती. ती दापुऱ्यातच राहिली. बाबा गावोगाव निर्भयपणे बोलू शकले, कारण त्यांना वाळीत टाकायला घरच नव्हतं. जातीनं बोलणी केली तर ती कुणाला ऐकावी लागली असतील? मुलगा गोविंदा १९२३ मध्ये गेला, तेव्हा बाबा कोकणात कीर्तनात होते. खबर आली तरी कीर्तन थांबलं नाही, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण त्या वेळी इकडे कुंताबाईंचं काय झालं असेल, हे कीर्तनात कुणी सांगत नाही. बाबांची चरित्रं झाली, पुतळे झाले, कुंताबाईंच्या वाट्याला चरित्रात चार-दोन ओळी.

हे मी बाबांना कमीपणा आणायला सांगत नाही. आपण बायका आहोत, आपल्याला घर सोडून जाता येत नाही, म्हणून सांगते. बाबांची युक्ती जशीच्या तशी उचलली तर आपली फसगत होईल. ते बोलून दुसऱ्या गावाला जायचे. आपल्याला बोलून त्याच नळावर हंडा भरायचा असतो, त्याच जावेच्या शेजारी भाकरी थापायची असते. म्हणून आपल्याला बाबांपेक्षा जास्त सोबत लागते. एकटीनं प्रश्न विचारला तर तो भांडण ठरतो. दहा जणींनी मिळून विचारला तर तोच ठराव होतो. गट त्याच्यासाठी आहे, नुसत्या बचतीसाठी नाही.

आणि हसवून सांगण्याचा एक तोटाही आहे. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी तेच करतात. बाबांनी कीर्तन केल्यावर बोकडाचे बळी बंद झाले अशी गावं आहेत. तसंच, बाबांना डोक्यावर घेऊन त्यांचे प्रश्न तेवढे खाली ठेवले अशीही गावं आहेत. गोड शब्दांची हीच अडचण असते, गोडी जिभेवर राहते आणि शब्द विसरतो.

खराट्याचंच घ्या. २०००-०१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. आर. आर. पाटील, म्हणजे आबा, तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. गावागावांत चढाओढ लागली, तालुक्याला बक्षीस, जिल्ह्याला बक्षीस, राज्याला बक्षीस. खूप चांगलं काम झालं, यात शंका नाही. ज्या बायकांना अंधार पडायची वाट पाहावी लागायची, पोटात कळ आली तरी दाबून ठेवावी लागायची, त्यांना घराजवळ संडास मिळाला. ही गोष्ट पुरुषांना छोटी वाटेल, आपल्याला नाही. त्यापाठोपाठ केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, २०१४ मध्ये स्वच्छ भारत आलं. नालीतली घाण चारचौघांत बोलायचा विषय झाली, हे बाबांच्याच नावानं झालं.

पण त्या वाटेवर एक गोष्ट अशी घडली की बाबांना ती पटली नसती, असं मला वाटतं. उघड्यावर जाणाऱ्यांना अडवायला पहाटे 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली. काही ठिकाणी शिट्या वाजवल्या, फोटो काढले, गळ्यात हार घालून चेष्टा केली. बायकांचीही. ज्या माणसाचं नाव अभियानाला दिलं त्यानं कधी कुणाला लाजवून सुधारलं नव्हतं. लाजवलेला माणूस वाट बदलतो, लांबच्या शेतात जातो. त्याचं मन तसंच राहतं.

आणि आपल्या भागाचा प्रश्न वेगळाच. पूर्णेच्या खोऱ्यात आपण खारपाणपट्ट्यात राहतो. बोअर मारला तर खारं पाणी. प्यायचं पाणी नळयोजनेचं, तेही कधी आठवड्यातून येतं. संडास बांधून झाला, बारा हजाराचं अनुदान मिळालं, भिंतीवर रंगानं घोषणा लिहून झाली. त्यात टाकायचं पाणी कोण आणतं? आपणच. म्हणजे नवऱ्याची, सासऱ्याची, पोरांची सोय झाली, आणि आपल्या डोक्यावर दोन हंडे वाढले. २० डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी येते. गाव झाडायचं ठरतं, रांगोळ्या काढायचं ठरतं. झाडायला कोण असतं? गटातल्या बाया. फोटोत हातात नवा खराटा घेऊन कोण उभं राहतं, ते मी सांगत नाही.

बाबा पुरुष होते आणि स्वतः झाडायचे. अभियानात ही गोष्ट विसरली गेली. खराटा राहिला, पण तो हातात कुणी धरायचा हा प्रश्न गेला. आणि बोकडाचा, सावकाराचा, अंगठ्याचा, शिवाशिवीचा प्रश्नही गेला. स्वच्छता हा त्यांचा एक विषय होता. आपण त्यांना झाडलोटीचे संत करून ठेवलं, कारण तेवढा भाग कुणालाच टोचत नाही.

आता हे ग्रामसभेत मांडायचं तर कसं? 'अभियान खोटं आहे, बायकांवर अन्याय आहे' असं लिहिलं तर सरपंचबाई दुखावतील. त्यांनीही घाम गाळलेला असतो. ग्रामसेवक म्हणतील, योजनेत तसं नाही. अर्ज बाजूला पडेल. तर बाबांच्या रीतीनं लिहून बघू.

आधी जे मिळालं ते लिहायचं, आणि मनापासून लिहायचं. संडास झाला, अंधाराची भीती गेली, मुली शाळेत टिकल्या असतील तर तेही. मग हिशोब मांडायचा. आरोप नाही, हिशोब. पंधरा दिवस गटाच्या वहीत रोज लिहा: माझ्या घरी संडासासाठी किती हंडे लागले, ते कुणी आणले, किती लांबून. दहा घरांची बेरीज करा. आकडा आपलाच असला की त्याच्याशी भांडता येत नाही. आणि मग प्रश्न. पहिला असा की सगळे हो म्हणतील: गाव स्वच्छ राहावं असं आपल्याला वाटतं ना? दुसरा: त्यासाठी पाणी लागतं ना? तिसरा: ते पाणी सध्या कोण आणतं? एवढ्यावर थांबा. चौथा प्रश्न आपण विचारायचा नाही, तो सभेतून कुणीतरी विचारेल. नाही विचारला तर पुढच्या सभेत तेच तीन पुन्हा वाचा.

ठरावात कुणाचं नाव घालू नका. 'अमक्याच्या घरच्या तेरवीत एवढा खर्च झाला' असं लिहिलं की वही पेटते. 'आपल्या गावात एका तेरवीला साधारण किती खर्च येतो' असं लिहिलं की तोच मनुष्य उठून स्वतःचा आकडा सांगतो. आणि शक्य असेल तर पहिलं गोडाचं जेवण आपल्या घरी. सासूबाईंना आधी विचारून, हं. डेबूजीनं विचारलं होतं की नाही ठाऊक नाही, आपल्याला विचारावं लागतं.

पंगत छोटी करायची तर बदल्यात काय देणार, तेही आधी ठरवा. माणसं जेवणापेक्षा भेटीला येतात. तेरवीला मोठी पंगत नको असेल तर वरण-भात-भाजी साधी ठेवा, पण म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी सांगायला तासभर सगळ्यांना बसवा. लग्नात डीजे नको असेल तर पोरांना नाचायला दुसरं काहीतरी लागेलच, ढोल-ताशा, भजनी मंडळाची टाळमृदंगं, जे गावात असेल ते. नुसतं 'नको' घेऊन गेलात तर मोकळ्या हातानं परत याल.

बाबांचं अखेरच्या दिवसांतलं एक कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालं, पोलिसांच्या आवारात. त्याचं ध्वनिमुद्रण झालं, म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकता येतो. त्यानंतर महिना-दीड महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीकडं येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर ते गेले. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांचं बोलणं असं आपल्यापर्यंत आलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी, गो. नी. दांडेकरांनी त्यांच्यावर पुस्तकं लिहिली, ती वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा. पण आधी ते मुद्रण ऐका, गटात बसून ऐका. त्या कीर्तनात ते सांगतात की पैसे नसतील तर जेवायचं ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण मुलाला शाळेत घातल्याशिवाय राहू नका.

मी हे पहिल्यांदा गटात ऐकवलं तेव्हा एक आजी म्हणाली, "लुगडं बायकोचंच कमी किमतीचं काऊन? धोतर का नाही?" सगळ्या हसल्या. बाबा असते तर तेही हसले असते, आणि तो प्रश्न उचलून पुढच्या गावच्या कीर्तनात घेऊन गेले असते.

पुढच्या वेळी मी येईन तेव्हा तुमच्या वहीतले हंड्यांचे आकडे मला ऐकवा. पंधरा दिवस पुरेत. घागरी असतील तर घागरी लिहा, फक्त सगळ्या घरांनी एकच माप धरा.